धोट्याला बांधलेलं लाल सूत

मी जर्मनीला निघाले तेव्हा बेळगावच्या सांबरा विमानतळावर आप्पा काचेच्या पलीकडे उभे होते आणि हातानं विचारत होते, भाकरी घेतलीस का? आमच्या वडगावात यात नवल काही नाही. यंत्रमाग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून मागवाल्यांच्या घरातली पोरं बोलायच्या आधी हातवारे शिकतात. तोंडाकडे बोटं नेली की जेवण, मनगटावर टिचकी मारली की वेळ, दोन्ही तळवे उलटे केले की सूत संपलं. आप्पांनी काचेतून सगळं विचारून घेतलं, पासपोर्टसुद्धा. मी मान हलवत राहिले. आई बाजूला पदर तोंडाला लावून उभी होती. खरं सांगायचं तर मध्ये काच होती ते मला बरं वाटलं. त्या दिवशी मला आप्पांचा आवाज नको होता.

शाळेच्या ग्रुपवर तुम्ही सगळे विचारत असता, रेणू, परत कधी येणार? गल्लीत राहिलेले विचारता, आणि दुबई-टोरांटोला गेलेलेही विचारता. मी अंगठा पाठवून गप्प बसते. आज जरा सविस्तर लिहिते. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी वाटून घ्यावं.

एक गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मी एकदा परत आले होते. धारवाडला एम.एस्सी. झाली, पुण्यात पीएच.डी. झाली, आणि बरोबरची सगळी परदेशाचे फॉर्म भरत असताना मी वडगावच्या कडेच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला आले. पुण्यात "मी आले, मी गेले" म्हणायची जिभेला सवय लागली होती, ती एसटीतून उतरताच गळून पडली. आईला हाक मारली ती आमच्याकडच्या बायका म्हणतात तशी, "मी आलो गं." आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. पोरगी शिकून परत आली हे त्यांना विमानात बसण्यापेक्षा मोठं वाटत होतं, आणि मलाही.

माझं काम लेसर होलोग्राफीचं. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. लेसरचा एक झोत दोन वाटांनी पाठवायचा. एक वस्तूवर पडून परततो, दुसरा आरशावरून सरळ येतो, आणि दोघं एका काचेच्या प्लेटवर भेटतात. प्लेट धुतली की तीत ती वस्तू आत ठेवल्यासारखी दिसते. एकाच प्लेटवर दोन वेळा प्रकाश पाडला आणि मधल्या वेळात त्या वस्तूला किंचित ताण दिला, तर चित्रावर काळ्या पट्ट्या उमटतात. वस्तू किती वाकली, कुठं फुगली, ते त्या पट्ट्या सांगतात. केसाचे उभे शे-दोनशे काप केले तर त्यातल्या एका कापाइतका फरकसुद्धा लपत नाही. वस्तू आतून शाबूत असेल तर पट्ट्या सारख्या, मवाळ वळणाच्या येतात. आत चीर असेल तर त्या जागी एकदम वाकतात आणि गर्दी करतात. बाहेरून डोळ्याला काही दिसत नसताना.

कॉलेजनं मला जुनं सामान ठेवायची एक खोली दिली. हवेवर तरंगणारं टेबल घ्यायची ऐपत कॉलेजची नव्हती, म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूब आणल्या, त्यांत अर्धवट हवा भरली, वर कडाप्प्याची जाड फरशी टाकली, फरशीवर फळ्यांची चौकट करून नदीची वाळू ओतली आणि वाळूत प्लॅस्टिकचे पाइप रोवून त्यांवर आरसे चिकटवले. खिडक्यांना काळं कापड लावलं. सगळं झकास जमलं आणि प्लेट मात्र एकामागून एक कोरी निघायला लागली. प्लेटवर प्रकाश पडत असतो ते काही सेकंद आरसा अणुमात्र हलला तरी सगळं पुसून जातं, आणि आमच्या कॉलेजच्या तिन्ही बाजूंना माग. जमिनीतून, भिंतीतून, ट्यूबमधून त्यांचा ठोका वर यायचा. पंखे बंद केले, पोरांना व्हरांड्यातून चालू दिलं नाही, काही उपयोग झाला नाही. आणि एक दिवस अचानक प्लेट सुरेख निघाली. मी घरी येऊन आईला सांगितलं, आज काय झालं कळत नाही. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "आज अमावस्या की गं. माग कुठं चालू हाईत?"

अमावस्येला वडगावचे माग बंद. माग पुसायचे, तेल द्यायचं, नारळ फोडायचा, विश्रांती द्यायची. तोवर त्या दिवशी गोड खायला मिळतं एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हापासून माझ्या प्रयोगांचा दिवस ठरला. महिनाभर तयारी करायची आणि अमावस्येच्या दुपारी प्लेटा घ्यायच्या. पुण्याच्या माझ्या सरांना हे कळवलं तर ते पोट धरून हसले.

पहिल्यांदा चित्र घेतलं ते आप्पांच्या धोट्याचं. धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी लाकडी होडी, दोन्ही नाकांना पोलादी टोकं असलेली. जुना झाला की कधी टोकाजवळ आतून तडकतो आणि मग पळता पळता मागाबाहेर उडतो. उडालेला धोटा काय करतो हे गल्लीत सांगावं लागत नाही. प्लेटवर आप्पांचा धोटा पट्ट्यापट्ट्यांनी मढलेला बघून ते किती तरी वेळ ती काच उजेडात फिरवत बसले. मग गल्लीभर सांगत सुटले. शेजारचे शंकरमामा म्हणाले, "आमच्या धोट्यांचं बी फोटू काढ की गं, रेणू." शंकरमामा माझे मामा नव्हेत, पण दोन्ही घरांची भिंत एक, विजेचा मीटर एक, साड्या उचलणारा व्यापारी एक. त्यांच्या मांडीवर मी वाढले.

पुढच्या अमावस्येला मी त्यांचे धोटे पिशवीत घालून कॉलेजात नेले. बाकी सगळे ठीक होते, एकाचं नाक मात्र वाईट होतं. पट्ट्या टोकाजवळ येऊन अशा मुरडल्या होत्या की चूक व्हायची शक्यताच नव्हती. वरून तो धोटा गुळगुळीत, चकचकीत, उलट बाकीच्यांपेक्षा देखणा. परत देताना तो बाकीच्यांत मिसळू नये म्हणून मी आप्पांच्या मागाजवळ पडलेलं साडीच्या काठाचं लाल सूत घेतलं आणि त्याच्या कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारली. मामांच्या हातात देताना सांगितलं, हा वापरू नका, आतून गेलाय, उडेल. आप्पा तिथंच मागाला तेल देत होते. त्यांनी मान वर करून धोट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकून दे रं तो, शंकर. पोरगी सांगतीया तर."

माग बंद होते. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

लग्नसराई तोंडावर होती. मामांनी ते लाल सूत सोडलं आणि धोटा मागावर चढवला. तो उडाला आणि परशरामच्या डोळ्यात गेला. परशराम म्हणजे मामांच्या मागावरचा कामगार, माझ्याहून थोडासा मोठा, बेळगुंदीकडून कामाला आलेला. डोळा गेला. तो दवाखान्यात असताना त्याच्या बायकोला आठवलं की त्या धोट्याला लाल दोरा बांधलेला होता. कुणी बांधला? मास्तरणीनं. कधी? अमावस्येला. मग कुणाला आठवलं की मास्तरणीच्या खोलीच्या खिडक्यांना काळं कापड आहे. कुणाला आठवलं की आत हिरवा दिवा लागतो. त्या प्लेटांना लाल दिवा सोसत नाही म्हणून मी मंद हिरवा लावायची, पण हे ऐकायला कोण थांबलं होतं? आत जाणाऱ्याला ती श्वास रोखायला सांगते हेही निघालं. तेही खरंच होतं.

आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून डोकी फुटतात. रेणूनं करणी केली यावर मात्र मराठी आणि कन्नड गल्ल्यांचं एका दिवसात एकमत झालं.

देवळात गल्ली बसली. मला बोलावलं म्हणून मी गेले, प्लेट घेऊन गेले. पट्ट्या दाखवल्या, चीर कुठं होती ते दाखवलं. ज्यांना मी लहानपणापासून काका-मामा म्हणत आले ते सगळे काचेकडे असे बघत होते, जणू हात लावला तर करणी चिकटेल. शेवटी मी शंकरमामांनाच विचारलं, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? ते खाली बघत म्हणाले, "न्हाय बा. दोरा तेवढा दिसला. मला वाटलं, पोरीनं देवाचं काय तर बांधलंया."

सांगितलं होतं असं ते म्हणाले असते तर परशरामच्या डोळ्याची जबाबदारी त्यांच्यावर आली असती. एवढं गणित मला तेव्हाही कळलं. मी आप्पांकडे वळले. आप्पा खांबाला टेकून बसले होते. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती, कारण एवढ्या वर्षांत आप्पांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर मिटलं असतं. ते सतरंजीच्या दशा सारख्या करत बसले.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते आठवत नाही. आई मध्ये पडत होती, रडत होती. आप्पा एवढंच म्हणाले, "गप ऱ्हा. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

"आपल्याला" हा शब्द मी इतकी वर्षं चघळते आहे. त्यांना राहायचं होतं, शंकरमामांना राहायचं होतं, भिंतीला, मीटरला, व्यापाऱ्याला राहायचं होतं. मलाही राहायचंच होतं, त्यासाठीच तर परत आले होते. पण त्या "आपल्या"त मी नव्हते. तुम्हाला हे कडू वाटत असेल. आहेच.

कॉलेजचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. प्राचार्य आमच्यातलेच, विज्ञानाचे, भिंतीवर शास्त्रज्ञांचे फोटो लावणारे. मला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, मॅडम, तुम्हाला-मला कळतं हो हे सगळं, पण पालकांचे फोन येताहेत. माझा त्या गावठी लोकांवर कमी राग आहे आणि या माणसावर जास्त, कारण त्यांना खरोखरच भीती वाटत होती आणि याला खोली हवी होती. तपासणी समिती यायची होती. महिन्याभरात माझ्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवणारी लॅब झाली, कानाला लावायच्या हेडफोनसकट. वाळू बागेत गेली. कडाप्प्याची फरशी कॅन्टीनवाल्यानं नेली आणि तिच्यावर तो भज्यांची परात ठेवायला लागला. ट्यूब कुणी नेल्या माहीत नाही. मी तिथून पुढे वर्षभर बी.एस्सी.च्या पोरांना लोलक शिकवला. परशरामच्या बायकोनं मला रस्त्यात बघून एकदा पोराचे डोळे पदरानं झाकले, त्या दिवशी मी जर्मनीचा अर्ज भरला.

इथं मुलाखतीत विचारलं, कंपनांच्या कामाचा अनुभव किती वर्षांचा? मी म्हटलं, जन्मापासूनचा. ते हसले, मीही हसले, नोकरी लागली. आता श्टुटगार्टमध्ये आमची लॅब तळघरात आहे, आणि त्या खोलीचा पाया इमारतीच्या पायापासून तोडून वेगळा बांधलेला आहे, म्हणजे वर कुणी नाचलं तरी खाली काही येत नाही. टेबल हवेवर तरंगतं. प्लेटा जाऊन कॅमेरे आले, पट्ट्या थेट पडद्यावर दिसतात. पवनचक्कीच्या पात्यांचे, विमानाच्या पत्र्यांचे तुकडे येतात आणि आम्ही त्यांची आतली दुखणी शोधतो. बोट नुसतं जवळ नेलं तरी त्याच्या उबेनं पत्रा फुगतो आणि पट्ट्या सरकायला लागतात. पहिल्या महिन्यात मी एका तुकड्यात दोष दाखवला, तर वरच्या साहेबांनी एक प्रश्न विचारला, खात्री आहे? मी हो म्हणाले. त्यांनी त्या पात्याची अख्खी खेप बाजूला काढायला लावली. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. कशासाठी ते तिथं कुणाला सांगणार?

बाकी इथलं सुख इथल्यासारखं. डॉक्टरपासून केस कापण्यापर्यंत सगळ्याला टर्मिन, म्हणजे आधी वेळ घेणं. शेजारीण भेटायला यायची तरी टर्मिन. रविवारी भिंतीला खिळा ठोकला तर खालचा म्हातारा घंटी वाजवतो. मी सुरुवातीला फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायची की त्यानं एकदा विचारलं, घरी भांडण चाललंय का? त्याला काय सांगायचं की आमच्याकडे प्रेमानंही असंच बोलतात. आता मी हळू बोलते. आई फोनवर म्हणते, "आवाज बसला काय गं तुझा?" नाकपुडीत थंडी शिरली की वाटतं आता परत जावं. मग ते देऊळ आठवतं आणि हीटर वाढवते.

दरम्यान गल्लीतले माग गेले. आईच एकेकाची बातमी द्यायची. साडी सुरतेहून स्वस्त यायला लागली, पोरं शेडमध्ये उभी राहीनात. आप्पांनी माग मोडीत घातले, मामांनीही घातले. एक दिवस आईनं फोन खिडकीबाहेर धरला आणि म्हणाली, ऐक. काहीच ऐकू येत नव्हतं. मला आधी आनंद झाला की दुःख, हे मी तुम्हाला सांगणार नाही.

गेल्या गणपतीत मी आले होते ते तुम्ही फोटोत पाहिलंत. मंडळानं सत्कार ठेवला होता. मी नको म्हणत होते, आई म्हणाली, आप्पांना बरं वाटेल, ये. तेच देऊळ, तीच सतरंजी असेल कदाचित. शाल, श्रीफळ, फेटा. आप्पा पुढच्या रांगेत, कानात मी पाठवलेलं ऐकायचं यंत्र घालून. मागांनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते, त्या यंत्रामुळं त्यांना आता कुजबुजही कळते. परशराम खुर्च्या मांडत होता. माग गेल्यावर तो मंडळाची असलीच किरकोळ कामं करतो. माझ्याकडे बघायचं टाळत होता, मीही टाळत होते.

मग माईकवर शंकरमामा आले. थकलेत, पण आवाज मागवाल्याचाच. म्हणाले, ही पोरगी आमच्या मांडीवर वाढली. म्हणाले, हिची हुशारी जर्मनीला आत्ता कळली, आम्हाला तवाच कळलती. आणि मग छाती काढून म्हणाले, "माझ्या हातात धोटा देऊन हिनं सांगिटलतं, मामा, ह्यो वापरू नगा, उडंल. आणि उडाला की न्हाय? अशी पोरगी हाय आमची."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. मी आजवर हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला काय दिलं नसतं! आणि ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, फेटा काढून कुठंतरी भिरकावून द्यावा.

चहा वाटायला परशराम आला. ट्रे घेऊन तो आमच्या तिघांसमोर उभा राहिला, मी, आप्पा आणि मामा. कप कुणाला देईना. त्याचा शाबूत डोळा मामांवर होता.

"मालक, आक्कांनी खरंच सांगिटलतं?"

मामा हसले. म्हणाले, "जाऊ दे रं, जुनं झालं ते."

"मग तवा न्हाय म्हून का सांगिटलासा? माझ्या बायकोनं आक्कास्नी काय काय शाप दिल्यात." तो आप्पांकडे वळला. "आप्पा, तुमास्नी बी ठावं हुतं?"

प्रश्न त्यानं हळू विचारला होता, पण ते यंत्र चांगलं आहे, मी स्वतः निवडून घेतलेलं. आप्पांनी कानाला हात लावला, यंत्र काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसल्यासारखं केलं आणि खिशात टाकलं. मग माझ्याकडे बघून तोंडाजवळ बोटं नेली. चहा घे.

परशरामनं ट्रे सतरंजीवर ठेवला आणि तो देवळाबाहेर गेला. मी त्याच्यामागे गेले. तो पायरीवर बसला होता. मी बाजूला बसले, फेटा मांडीवर ठेवून. तो म्हणाला, "तुमी गेलासा ते बरं केलासा, आक्का. मला जायला जागाच नव्हती."

परत कधी येणार, असं आता विचारू नका. आप्पा आहेत, आई आहे तोवर मी येत राहीन, चार दिवस राहीन, शाल देतील ती घेईन. वडगावात मी ओळखीच्या प्रत्येक उंबऱ्यावर पाय ठेवते आणि चहा पिते. पण तुमच्यातल्या कुणी मला घर कुठं म्हणून विचारलं, तर मला ती देवळाची पायरी आठवते, जिथं मी आणि परशराम बसलो होतो आणि आतून कुणी आम्हाला बोलवायला आलं नाही.